श्वास, आकडे आणि निर्णय : ‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रातील फार थोड्या यंत्रांची नावे मराठीच्या दैनंदिन बोलण्यात रूढ झाली आहेत. ‘व्हेंटिलेटर’ हे त्यांपैकी एक होय. ‘कृत्रिम श्वसनयंत्र’ हा पर्यायी शब्द शासकीय कागदपत्रांत व पाठ्यपुस्तकांत राहिला. लोकांच्या तोंडी मात्र मूळ शब्दच बसला. आज एखादी सहकारी संस्था वा कारखाना ‘व्हेंटिलेटरवर आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्यास उपचार अभिप्रेत नसतो. शेवटची घटका अभिप्रेत असते. ज्या यंत्राचा जन्म रुग्णाला वाचविण्यासाठी झाला त्याचे नाव भाषेत मरणाचा समानार्थी शब्द व्हावे, ही बाब भाषाभ्यासकाइतकीच समाजाभ्यासकालाही विचार करावयास लावणारी आहे.

राजेश मापुसकर लिखित-दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ हा चित्रपट ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला. कुटुंबचित्रण, विनोद व पितापुत्रसंबंध या अंगांनी त्याची पुष्कळ चर्चा झाली. परंतु ज्या यंत्राचे नाव तो धारण करतो त्या यंत्राचे त्याच्या कथनात नेमके स्थान काय, हा प्रश्न बाजूला राहिला. मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या श्वसनोपचाराविषयी आज जे ज्ञात आहे त्याच्या प्रकाशात या चित्रपटाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रपटाचा आशय व त्याचे सामर्थ्य

गणेशोत्सव काही दिवसांवर आलेला असताना कामेरकर कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्ती, गजानन कामेरकर, कोमात जातात व त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले जाते. बातमी पसरते आणि नातलगांचा लोंढा रुग्णालयात येऊन धडकतो. प्रत्येकाच्या मनात दोन चिंता आहेत : एक माणसाची, दुसरी सुतकाची. वडीलधारी व्यक्ती सणाच्या तोंडावर गेली तर गणपती बसणार कसा? या एका प्रश्नातून दिग्दर्शक मराठी कुटुंबाचे संपूर्ण अंतरंग उघडे करतो. चित्रपट-दिग्दर्शक असलेला पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) आणि वडिलांशी कायमचा दुरावा घेऊन जगणारा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) यांच्याभोवती शंभराहून अधिक पात्रांचा हा पसारा फिरतो.

या चित्रपटाचे पहिले सामर्थ्य म्हणजे त्याने कथेचे केंद्र अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ठेवले. डबे, चहा, मोबाइलवरील निरोप, जुनी भांडणे, मालमत्तेच्या कुजबुजी आणि मध्येच उसळणारे हसू यांनी भरलेला प्रतीक्षाकक्ष हा आपल्या समाजातील एक खरा सभामंडप आहे, हे येथे प्रथमच इतक्या विस्ताराने दिसते. दुसरे सामर्थ्य असे की, वडिलांपाशी न बोलता आलेल्या मुलाचे मुकेपण आणि यंत्राच्या आधाराने श्वास घेणाऱ्या वडिलांचे मुकेपण ही दोन टोके दिग्दर्शकाने समोरासमोर आणली. जो बाप आता उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशीच मुलाला प्रथम बोलावेसे वाटते, हा अनुभव मराठी पडद्यावर विरळाच.

यंत्राचे रूप : चालू आणि बंद

असे असले तरी, चित्रपटातील व्हेंटिलेटर हे मुख्यतः काळ थांबवून धरणारे साधन आहे. कथानकाला त्याच्या दोनच अवस्थांची गरज भासते : ते लावलेले आहे, अथवा ते काढावयाचे आहे. सुतकाच्या तर्कात त्याचे कार्य पंचांगातील तिथी पुढे ढकलण्याचे. पितापुत्रांच्या तर्कात त्याचे कार्य समेटासाठी अवधी मिळवून देण्याचे. यंत्राच्या पडद्यावरील आकडे कथेला वळण देत नाहीत. येथेच भाषेतील रूढ वाक्प्रचार आणि चित्रपटाची दृष्टी एकरूप होतात.

वैद्यकीय वास्तव याहून फार वेगळे आहे. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली असता ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत छेद देऊन हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास देण्याची पद्धत अवलंबिली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अहोरात्र हे काम केले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम येथे मानला जातो. श्वास किती खोल, किती वेळा व किती दाबाने द्यावयाचा याचा निर्णय त्या वेळी हात करीत होता. आज तो निर्णय यंत्रावर नोंदवावा लागतो. निर्णय घेणारा मात्र माणूसच राहिला.

बंद पेटीतील मेंदू

मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा निर्णय अधिक नाजूक होतो. कवटी ही बंद पेटी आहे. तीत मेंदू, रक्त आणि मेंदूजल यांना ठराविकच जागा आहे. एकाचे आकारमान वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते, आणि ती सुटेनाशी झाली की कवटीतील दाब वाढतो. मेंदूतील रक्तवाहिन्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणास अतिशय संवेदनशील असतात. हा वायू वाढला की त्या रुंदावतात व कवटीतील दाब चढतो. तो घटला की त्या आकुंचन पावतात व दाब उतरतो. म्हणजेच श्वासांची गती वाढविणे वा कमी करणे हा केवळ फुफ्फुसाचा उपचार राहत नाही; तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यात केलेला हस्तक्षेप ठरतो.

याच तत्त्वाच्या आधारे एके काळी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना सर्रास जलद श्वास देण्याची प्रथा होती. दाब उतरतो हे डोळ्यांना दिसत होते. रक्तवाहिन्या आकसल्यामुळे आधीच जखमी असलेल्या मेंदूची उपासमार होते, हे दिसत नव्हते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्वीझेलार व सहकाऱ्यांच्या चाचणीत प्रतिबंधक म्हणून दीर्घकाळ जलद श्वसन दिलेल्या रुग्णांपैकी काहींची तीन व सहा महिन्यांनंतरची स्थिती इतरांहून वाईट आढळली. २०१६ मध्ये, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी, अमेरिकेतील ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांची चौथी आवृत्ती निघाली. धमनीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब २५ मि.मी. पारा वा त्याखाली नेणारे दीर्घकालीन प्रतिबंधक जलद श्वसन टाळावे, असे तीत नमूद आहे. युरोपीय अतिदक्षता संघटनेच्या २०२० च्या सहमतीपत्रकात, कवटीतील दाब वाढलेला नसल्यास हा आकडा ३५ ते ४५ आणि प्राणवायूचा दाब ८० ते १२० मि.मी. पारा यांदरम्यान ठेवावा, असे सुचविले आहे. प्राणवायू कमी पडणे घातक हे सर्वांस ठाऊक असते. तो अकारण अधिक देणेही हितकर नसते, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

यात आणखी एक पेच आहे. फुफ्फुसाच्या रक्षणासाठी श्वास लहान द्यावा, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने सिद्ध केले. तीव्र फुफ्फुसविकाराच्या रुग्णांत प्रतिकिलो १२ मि.ली.ऐवजी ६ मि.ली. श्वास दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. हे किलो रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत, तर उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे. परंतु श्वास लहान केला की कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. फुफ्फुसाला ते सोसते. सुजलेल्या मेंदूला सोसतेच असे नाही. तसेच उच्छ्वासाच्या अखेरीस राखलेला दाब प्राणवायू सुधारतो, पण अधिक झाल्यास छातीतील दाब वाढवून रक्तदाब उतरवू शकतो व डोक्याकडून परतणाऱ्या रक्ताला अडथळाही करू शकतो. एका इंद्रियाचे हित दुसऱ्याच्या अहिताशी जेथे भिडते, तेथे आकडा एकदा लावून चालत नाही. रक्तवायूंची तपासणी करीत, रक्तदाब सांभाळीत, उशाची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवीत तो पुनःपुन्हा तपासावा लागतो. यात खरे तर नाट्यच आहे. आणि ते नाट्य काचेच्या पलीकडे घडत असल्यामुळे प्रतीक्षाकक्षाला त्याचा पत्ता लागत नाही.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

चित्रपट म्हणजे वैद्यकीय पाठ्यपुस्तक नव्हे; त्याच्याकडून कार्बन डायऑक्साइडचे आकडे मागणे हा रसिकतेचा अभाव आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. कौटुंबिक शोकसुखात्मिकेने वैद्यकीय तपशिलांनी ओथंबावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु जी कलाकृती व्हेंटिलेटर ठेवावा की काढावा हा प्रश्न पात्रांसमोर व पर्यायाने प्रेक्षकांसमोर उभा करते, तिच्यावर काय काढावयाचे आहे हे सांगण्याची जबाबदारी येते. काढावयाची वस्तू केवळ नळी आहे की चालू असलेला उपचार, यावर त्या निर्णयाचे नैतिक वजन अवलंबून असते.

शिवाय कोमा आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू यांतील भेद लोकमानसात पुसट आहे. कोमातील रुग्ण जिवंत असतो आणि काही वेळा सुधारतो. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू ही निराळी अवस्था होय. १९५९ मध्ये मोलारे व गुलाँ या फ्रेंच वैद्यांनी तिचे वर्णन केले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवदानाच्या संदर्भात तिला मान्यता दिली. ती ठरविण्यासाठी वैद्यकीय मंडळाकडून किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या केल्या जातात. त्यांपैकी एका चाचणीत कार्बन डायऑक्साइड वाढू देऊन रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे पाहिले जाते. ‘व्हेंटिलेटरवर आहे’ या एकाच वाक्यात या दोन्ही अवस्था कोंबल्या गेल्या की नातलगांची आशाही चुकते आणि निराशाही चुकते.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या जगल्या. या प्रदीर्घ काळात, अखेरचे काही दिवस वगळता, त्यांचा श्वास त्यांचाच होता. त्यांना टिकविले ते सहकारी परिचारिकांच्या शुश्रूषेने. त्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणास उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर वाट मोकळी केली. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हीच चौकट लागू होती. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क व पूर्वसूचनापत्र मान्य झाले, आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया सुटसुटीत झाली. उपचार थांबविणे हा एकट्या मुलाच्या हुंदक्याचा विषय नसून डॉक्टर, कुटुंब व कायदा यांच्या सामायिक विवेकाचा विषय आहे, हे या प्रवासावरून दिसते. चित्रपटाचा भर मात्र हुंदक्यावर राहतो.

स्थानिक संदर्भ

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत, घाटी रुग्णालयास पीएम केअर्स निधीतून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आला. वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे न्यायालयासमोर मांडण्यात आले. केंद्राच्या बाजूने यंत्रांत दोष नसून वापरणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न असल्याचा पवित्रा घेण्यात आला, आणि न्यायालयाने त्यावर नापसंती व्यक्त केली. त्या वादाच्या गुणदोषांत न शिरताही एक गोष्ट स्पष्ट होते : यंत्र दारी येणे आणि उपचार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये निर्दोष यंत्र, शिकलेला हात आणि जागता डोळा, अशी तिन्ही लागतात.

पुंडलिकनगर, गारखेडा यांसारख्या वसाहतींतील एखादा दुचाकीस्वार डोक्याला मार लागून रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याच्या घरच्यांपुढे संमतीचा कागद येतो. त्या क्षणी त्यांच्याजवळ असलेले ज्ञान बहुतेक वेळा वाक्प्रचारातून आणि पडद्यावरून आलेले असते. ‘व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपले’ असे मानणारे कुटुंब उपचार नाकारू शकते. ‘यंत्र आहे तोवर जीव आहे’ असे मानणारे कुटुंब घर गहाण टाकू शकते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

समारोप

‘व्हेंटिलेटर’ने मराठी कुटुंबाला दाराबाहेरचे स्वतःचे रूप दाखविले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दाराआतील कामाला मात्र त्याने काळाची पार्श्वभूमी एवढेच स्थान दिले. मेंदूच्या इजेत श्वासाचा प्रत्येक आकडा हा कोणीतरी जागे राहून घेतलेला निर्णय असतो. तो घेणारी रात्रपाळीची परिचारिका, निवासी डॉक्टर व तंत्रज्ञ मराठी साहित्य-चित्रपटात अद्याप पुरेसे आलेले नाहीत. ते जेव्हा येतील, तेव्हा ‘व्हेंटिलेटरवर असणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थही बदलू लागेल. तोवर महाविद्यालयीन अध्यापनात हा चित्रपट शिकविताना भाषा, वैद्यक व विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसावे, हे अधिक उचित ठरेल. वर्गातील आजचा विद्यार्थी उद्या कोणत्यातरी प्रतीक्षाकक्षात बसलेला असणार, आणि कागदावरील सही त्यालाच करावयाची असणार.