फायटिंग गेममधील सोपी बटणे आणि अवघड निर्णय

फायटिंग गेम, म्हणजे पडद्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन पात्रांकरवी दोन खेळाडूंनी द्वंद्व लढण्याचा व्हिडिओ गेम, हा प्रकार त्याच्या चाहत्यांना जितका प्रिय आहे तितकाच नवख्याला दूर लोटणारा आहे, आणि त्याचे मुख्य कारण त्याच्या नियमांत नसून त्याच्या बटणांत आहे. कॅपकॉम कंपनीच्या 1991 सालच्या 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये र्‍यू या पात्राने हातातून तेजाचा गोळा फेकावा अशी इच्छा असेल, तर जॉयस्टिक खाली, मग तिरकी, मग पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागते. या हालचालीला 'मोशन इनपुट' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ पार्लरमध्ये नव्वदच्या दशकात मशीनपाशी उभे राहिलेल्या मुलांनी ही हालचाल बहुधा शेजारच्याचा हात पाहूनच शिकून घेतली. ती न जमणाऱ्याला खेळातील डावपेचांपर्यंत पोहोचताच येत नव्हते.

या प्रश्नाचा एक दुवा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहराशी जोडलेला आहे. तेथे 2015 पासून काम करणाऱ्या रोमेरो गेम्स या स्टुडिओचे सहसंस्थापक जॉन रोमेरो हे 1993 च्या 'डूम' या बंदुकीच्या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असून, खेळाडूंनी एकमेकांनाच लक्ष्य करण्याच्या 'डेथमॅच' या प्रकाराची प्रेरणा आपल्याला जपानी फायटिंग गेममधून मिळाली, असे त्यांनी सांगितले आहे. त्या काळात त्यांचे सहकारी कामाच्या मधल्या वेळेत 'स्ट्रीट फायटर 2', 'फेटल फ्युरी' आणि 'आर्ट ऑफ फायटिंग' खेळत असत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फायटिंग गेममधील चुरस उचलताना 'डूम'ने त्यातील बोटांची कसरत उचलली नाही. त्यात मान वर-खाली करण्याची सोयच नव्हती. शत्रू उंचावर असो वा खाली, खेळाडूने बंदूक फक्त डावीकडे-उजवीकडे रोखायची आणि उंचीचा नेम खेळाने स्वतः साधायचा. नेमाचा निम्मा भार यंत्राकडे सोपवूनही डेथमॅच उथळ झाला नाही, कारण कोठे उभे राहावे, कोणता दरवाजा अडवावा आणि केव्हा माघार घ्यावी, हे सर्व निर्णय खेळाडूकडेच राहिले. सुलभ नियंत्रणांचा विचार करताना हीच कसोटी वापरली पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे: खेळ हाताचे काम हलके करतो की डोक्याचे?

अर्थात मोशन इनपुट ही केवळ परंपरेने टिकवलेली अडचण नव्हे, हेही मान्य करावे लागते. फायटिंग गेममधील काळ 'फ्रेम'मध्ये मोजतात. एका सेकंदात साठ फ्रेम असतात, आणि डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला सुमारे बारा ते पंधरा फ्रेम लागतात. प्रतिस्पर्ध्याची उडी जेमतेम पाऊण सेकंदाची असताना ती ओळखून पुढे, खाली, तिरके अशी जॉयस्टिक फिरवून 'शोर्‍यूकेन' हा वर झेपावणारा ठोसा मारायचा, तर त्या हालचालीचे काही फ्रेम हीच त्या प्रभावी हल्ल्याची किंमत ठरते. शिवाय जॉयस्टिक मागे धरल्याखेरीज बचाव होत नसल्यामुळे, ती पुढे नेणारा खेळाडू तेवढा क्षण उघडा पडतो. एका बटणावर हा हल्ला आणला की ही किंमत नाहीशी होते, आणि ती दुसरीकडून वसूल केली नाही तर खेळाचा तोल जातो.

ही किंमत वसूल करण्याचे मार्ग गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत अनेकांनी शोधले. 1999 मध्ये मासाहिरो साकुराई यांनी 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्ये विशेष हल्ल्यासाठी एक दिशा आणि एक बटण एवढेच ठेवले आणि सगळा खेळच त्या गृहीतावर उभा केला. 2015 च्या 'रायझिंग थंडर'मध्ये प्रत्येक विशेष हल्ला एका बटणावर होता, मात्र एकदा वापरल्यावर तो काही सेकंद मिळत नसे. 2020 च्या 'ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सस'ने हीच कल्पना अधिक नेमकी केली: सोप्या बटणाने हल्ला करणाऱ्याला तो पुन्हा मिळायला जास्त वेळ थांबावे लागे, तर मोशन इनपुट करणाऱ्याला कमी. दंड वेळेचाच होता आणि वाचलेल्या श्रमाच्या जातीचा होता, म्हणून तो न्याय्य वाटतो.

जून 2023 मध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर 6'ने हा वाद मुख्य स्पर्धांच्या व्यासपीठावर आणला. त्यातील 'क्लासिक' पद्धत जुनी, सहा बटणांची आहे. 'मॉडर्न' पद्धतीत विशेष हल्ला एका बटणाने होतो, साह्याचे बटण दाबून धरून हल्ल्याचे बटण दाबत राहिले तर कॉम्बो, म्हणजे एकमेकांत गुंफलेले सलग हल्ले, आपोआप घडतात, आणि त्याच्या बदल्यात काही साधे हल्ले वगळले जातात व एका बटणाने केलेल्या विशेष हल्ल्याची इजा वीस टक्क्यांनी घटते. मॉडर्नच्या खेळाडूंना क्लासिकच्या खेळाडूंशी थेट लढू देण्याचे धाडस कॅपकॉमने केले, याचे श्रेय दिग्दर्शक ताकायुकी नाकायामा यांच्या चमूला निःसंकोच दिले पाहिजे. तरीही सरसकट वीस टक्के हा दंड ढोबळ आहे. दुरून गोळा फेकताना एका बटणाचा फायदा किरकोळ असतो, कारण तेथे वेळेची निकड नसते; उलट उडी अडवताना, किंवा झांगीफ या पैलवानाची पूर्ण वर्तुळ फिरवून करावी लागणारी पकड एका बटणावर मिळते तेव्हा, तो फायदा फार मोठा असतो. दोन्हींना एकच दंड लावल्याने पहिल्या ठिकाणी नवख्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या प्रतिस्पर्ध्यावर.

याहून गंभीर आक्षेप आपोआप घडणाऱ्या कॉम्बोंवर आहे. संगीतातील उदाहरण घ्यायचे तर, सारंगीवर सूर बोटाने शोधावा लागतो आणि हार्मोनियमवर तो पट्टीखाली तयार असतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, तरी गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी त्या तयार सुरांतूनच आपला विचार मांडला. एका बटणाचा विशेष हल्ला हा असा तयार सूर आहे. आपोआप कॉम्बो ही मात्र आधीच बांधलेली तान आहे. 'स्ट्रीट फायटर 6'मधील 'डायनॅमिक' ही तिसरी पद्धत तर अंतर पाहून योग्य हल्लासुद्धा स्वतःच निवडते, आणि ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींतून ती वगळण्याचा निर्णय योग्यच होता. 'टेकन 8'ची 'स्पेशल स्टाइल' लढत चालू असताना एका बटणाने चालू-बंद करता येते, ही सोय चांगली आहे, कारण शिकणारा हवे तेव्हाच आधार घेतो. पण त्या पद्धतीत पात्राच्या प्रचंड हल्ल्यांच्या यादीतील थोडेच हाती उरतात आणि बाकीचा खेळ त्याला दिसतच नाही.

सोपेपणाने स्पर्धेचा दर्जा खालावतो, हा जुन्या खेळाडूंचा सूर मात्र पुराव्यावर टिकत नाही. हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत 2023 मध्ये 'स्ट्रीट फायटर 5'चे सुवर्णपदक जिंकणारे दक्षिण कोरियाचे किम ग्वान-वू त्या वेळी 44 वर्षांचे होते. बोटांचा वेगच सर्वस्व असता तर असा निकाल लागलाच नसता. ज्यांच्या हातात तेवढी चपळाई कधीच नव्हती, दुखापतीने गेली किंवा अपंगत्वामुळे येऊ शकत नाही, त्यांना खेळातील विचारात वाटा मिळणे हा त्यांचा हक्क मानला पाहिजे. 'स्ट्रीट फायटर 6'ने प्रतिस्पर्ध्याचे अंतर आवाजातून कळावे अशी सोय दृष्टिहीनांसाठी केली, तिच्यावर कोणीही इजेचा दंड लावलेला नाही. पुढच्या खेळांनी सुलभ नियंत्रणे शेवटी जोडण्याऐवजी आरंभापासून आराखड्यात धरावीत, आणि दंड लावायचाच असेल तर तो प्रत्येक हल्ल्यात वाचलेले फ्रेम मोजून लावावा.