गर्भित लाभ आणि पहिली पैज : एका संकल्पनेची चिकित्सा

डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’ (१९८७) या ग्रंथाने पोकरच्या विवेचनाला अनुभवाच्या आडाख्यांतून सिद्धान्ताच्या पातळीवर आणले. त्यातील ‘इम्प्लाइड ऑड्स’, म्हणजे गर्भित लाभप्रमाण, ही संकल्पना विशेष फलदायी ठरली. आज द्यावी लागणारी रक्कम केवळ मध्ये जमलेल्या राशीशी न ताडता, पान लागल्यास पुढे मिळणाऱ्या रकमेशीही ताडावी, असा तिचा आशय आहे. तथापि ही पुढची रक्कम कोठून येते, या प्रश्नापाशी संकल्पनेची खरी कसोटी लागते.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात. पैजेची पहिली फेरी झाल्यावर तीन सामाईक पाने उघडतात. हाती लहान जोडी असल्यास या तिनांत त्याच किमतीचे आणखी एक तरी पान येण्याचा संभव सुमारे ११.८ टक्के, म्हणजे साडेआठांत एकदा. प्रत्येकापाशी १०० एकके असून दोन सक्तीच्या पैजा मिळून दीड एकक मध्ये आहे, असे मानू. एकाने ३ एककांची पैज केली आणि जोडीवाल्याने तिची बरोबरी करावयाची, तर रास साडेचार व खर्च ३. पान न लागल्यास सोडावयाचे आणि लागल्यास डाव जिंकतोच असे धरले, तरी हिशेब जुळण्यासाठी यशाच्या वेळी सरासरी साडेबावीस एकके मिळाली पाहिजेत. त्यांपैकी १८ प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या ९७ मधून यावयाची. पैज १० एककांची असेल, तर उरलेल्या ९० मधून साडेत्रेसष्ट यावी लागतील. पाने तीच, संभव तोच. पण पहिल्या पैजेने लाभाचे स्वरूपच पालटले.

याचा अर्थ असा की, गर्भित लाभ हा पानांचा गुण नसून पैज, शिल्लक आणि प्रतिस्पर्ध्याचे वर्तन यांतील संबंध आहे. स्क्लान्स्की यांची बहुतेक उदाहरणे मर्यादित पैजेच्या खेळांतील असल्याने हा संबंध त्यांत पुरेसा उठून दिसत नाही. उलट, अमर्याद पैजेच्या खेळाचे श्रेष्ठ जाणकार डॉइल ब्रन्सन लागोपाठची लहान पाने हाती असतानाही पैज वाढवण्याचा पुरस्कार करतात. वरच्या गणिताने पाहता हे आत्मघातकी वाटेल, कारण रास वाढली की शिल्लक तिच्या प्रमाणात घटते. परंतु त्याच पैजेने सर्वजण माघार घेण्याची शक्यता निर्माण होते आणि वाढवणाऱ्याच्या हाती मोठीच पाने असावीत असा समजही होतो. म्हणजे पैज एका बाजूने गर्भित लाभ आटवते, तर दुसऱ्या बाजूने तो लाभ ज्यावर पोसला जातो ते अज्ञान वाढवते.

येथेच स्क्लान्स्की यांच्या मूलभूत सिद्धान्ताशी या संकल्पनेचे नाते स्पष्ट होते. परस्परांची पाने दिसत असताना खेळाडू जसा खेळला असता त्याहून वेगळा खेळला की प्रतिस्पर्ध्याचा लाभ होतो, असे तो सिद्धान्त सांगतो. पाने दिसत असती, तर जोडीवाल्याचे पान लागल्यावर कोणी पुढे पैसेच घातले नसते. गर्भित लाभ म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानाचे मूल्य होय. ते स्थिर आकड्याप्रमाणे गृहीत धरणारा खेळाडू वस्तुतः स्वतःच्या अपेक्षेलाच गणित समजत असतो.