माध्यमांतर आणि भयानक रस : ‘रेसिडेंट ईव्हिल: अपोकॅलिप्स’ हा चित्रपट व त्याचे मूळ व्हिडिओ गेम

प्रस्तावना

मराठी समीक्षेत माध्यमांतराची चर्चा प्रामुख्याने कथा-कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या संदर्भात झाली आहे. व्हिडिओ गेमवरून चित्रपट निर्माण होतो तेव्हा मात्र मूळ खेळातील किती गोष्टी पडद्यावर आल्या, या मोजदादीपाशीच चर्चा बहुधा थांबते. ही मोजदाद माध्यमांतराचा निकष म्हणून पुरेशी आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात भारतीय रसविचाराच्या आधारे केला आहे. त्यासाठी ‘रेसिडेंट ईव्हिल’ चित्रपटमालिकेतील ‘अपोकॅलिप्स’ (2004) हा दुसरा चित्रपट निवडला आहे.

कॅपकॉम या जपानी कंपनीने 1996 मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा खेळ प्रसिद्ध केला. पुढे 1998 मध्ये दुसरा आणि 1999 मध्ये ‘नेमेसिस’ हा तिसरा खेळ आला. ‘अपोकॅलिप्स’चे लेखन पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांचे, तर दिग्दर्शन अलेक्झांडर विट यांचे आहे. अंब्रेला कंपनीच्या विषाणूने ग्रासलेले रॅकून सिटी, त्यातून बाहेर पडू पाहणारी पोलीस अधिकारी जिल व्हॅलेंटाइन, कार्लोस हा भाडोत्री सैनिक आणि नेमेसिस हा महाकाय पाठलाग करणारा, हा ऐवज तिसऱ्या खेळातील आहे. वैज्ञानिकाच्या हरवलेल्या मुलीचा शोध दुसऱ्या खेळातील शेरी बर्किनची आठवण करून देतो. जिलची वेशभूषादेखील खेळातूनच उचलली आहे. बाह्य निष्ठेच्या दृष्टीने चित्रपटाला उणे म्हणता येणार नाही.

खेळातील भय : टंचाईचे शास्त्र

मूळ खेळातील भय केवळ विद्रूप आकृतींतून निर्माण होत नाही. काडतुसे मोजकी असतात. सोबत बाळगता येणाऱ्या वस्तूंना मर्यादा असते. खेळाची प्रगती जतन करण्यासाठी टंकलेखन यंत्राची फीत शोधावी लागते. कॅमेरा ठरावीक कोनात स्थिर असल्याने वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, केवळ पावलांचा आवाज येतो. आधीच्या खेळांत दार ओलांडले की पाठलाग सहसा थांबत असे. नेमेसिस मात्र दार उघडून मागे येतो. त्याला तात्पुरते पाडता येते, परंतु त्यासाठी दुर्मीळ काडतुसे खर्ची पडतात. लढावे की पळावे, हा निर्णय काही प्रसंगी क्षणार्धात घ्यावा लागतो.

रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर नेमेसिस हा आलंबन विभाव आणि ओसाड रस्ते, अंधार व आवाज हे उद्दीपन विभाव होत. परंतु एरव्ही भयाचा आश्रय कथेतील पात्र असते आणि आस्वादक कथेबाहेर असतो. खेळात हे अंतर कमी होते. जिल घाबरली म्हणून नव्हे, तर आपल्याच हातातील काडतुसे संपत आली म्हणून खेळाडू घाबरतो. पुढे जिललाच संसर्ग होतो, ती असहाय पडून राहते आणि खेळाडूला कार्लोसच्या रूपाने रुग्णालयातून लस आणावी लागते. नायिकेच्या दुर्बलतेवर हा सर्व डोलारा उभा आहे.

चित्रपट : भयानकाकडून वीराकडे

चित्रपटाच्या केंद्रस्थानी जिल नाही, ॲलिस आहे. मिला योवोविच यांनी साकारलेले हे पात्र खेळांत नाही. जो विषाणू खेळात जिलला हतबल करतो, तोच चित्रपटात ॲलिसला अतिमानवी सामर्थ्य देतो. चर्चच्या रंगीत काचेची खिडकी फोडून ती मोटारसायकलवरून आत येते, तेव्हा पुढील निकाल प्रेक्षकाला ठाऊक असतो. आश्रयाच्या ठायी भयच नसेल, तर प्रेक्षकाच्या ठायी ते कोठून येणार? स्थायीभाव येथे भय नसून उत्साह आहे. रस भयानक नसून वीर आहे. नेमेसिसचे रूप पडद्यावर हुबेहूब उतरले, परंतु त्याचे प्रयोजन उरले नाही. झपाट्याने बदलणाऱ्या चित्रखंडांमुळे हाणामारीतील अवकाशाचे भानही हरवते.

चित्रपटाचे स्वतःचे सामर्थ्य

असे असले तरी चित्रपट सर्वस्वी निष्फळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. शहराबाहेर पडण्यासाठी पुलावर जमलेल्या नागरिकांसमोर मेजर केन प्रवेशद्वार बंद करवतो आणि शस्त्राच्या धाकाने त्यांना मागे फिरवतो. येथे भय प्रेतांचे नसून व्यवस्थेचे आहे. शेवटी अण्वस्त्राने नष्ट केलेले शहर अणुभट्टीच्या अपघाताचे बळी म्हणून वृत्तवाहिनीवर सांगितले जाते आणि सत्य दाखवणारी चित्रफीत बनावट ठरते. शहराचा अण्वस्त्राने होणारा अंत तिसऱ्या खेळातही आहे, परंतु वृत्तचित्राच्या भाषेतून घडवलेला हा उपहास चित्रपटमाध्यमाचा स्वतःचा आहे. त्याचप्रमाणे नेमेसिस हा पहिल्या चित्रपटातील मॅट ॲडिसन असल्याचे ॲलिस ओळखते आणि त्याला मारण्यास नकार देते. येथे करुणाची एक छटा क्षणभर उमटते. दुर्दैवाने पुढील स्फोटांत ती विरून जाते.

निष्कर्ष

1. पात्रे, वेशभूषा व राक्षसरूप यांची निष्ठा म्हणजे रसाची निष्ठा नव्हे.

2. खेळातील भयाचा आधार खेळाडूच्या हातातील टंचाई हा आहे. प्रेक्षकाच्या हाती काहीच नसल्याने चित्रपटाला त्या टंचाईचा पर्याय पात्राच्या दुर्बलतेतून शोधावा लागतो. ‘अपोकॅलिप्स’ने ॲलिसला अजिंक्य करून हीच वाट बंद केली.

3. चित्रपट खेळाचे अनुकरण करतो तेथे तो निष्प्राण होतो आणि आपल्या माध्यमाच्या बळावर स्वतंत्र होतो तेथे परिणामकारक ठरतो.

हा प्रश्न एका चित्रपटापुरता मर्यादित नाही. 2021 मधील ‘वेलकम टू रॅकून सिटी’ या चित्रपटात पहिल्या दोन खेळांची कथानके एकत्र गुंफून मूळ हवेली व पोलीस ठाण्याकडे परतण्याचा प्रयत्न झाला. स्थळे परत आणता येतात. भय मात्र प्रत्येक माध्यमाला नव्याने निर्माण करावे लागते. आपल्या वर्गांत माध्यमांतर शिकवताना ‘काय वगळले’ या प्रश्नाआधी ‘कोणता रस, कोणाच्या ठायी’ हा प्रश्न विचारला गेला, तर कादंबरीवरील चित्रपटांचा विचारही अधिक नेमका होईल.