मैफलीचा आनंद आणि रसविघ्ने : बारामती-इंदापूर परिसरातील श्रोत्याच्या संदर्भात

गाण्याची मैफल 'रंगते', 'जमते' किंवा 'पडते'. मराठीत मैफलीविषयी रूढ असलेल्या या क्रियापदांपैकी एकाचाही कर्ता गायक नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गायक गातो, रंगते ती मैफल. भाषेने सहज मान्य केलेली ही वस्तुस्थिती संगीतसमीक्षेने मात्र पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. केशवराव भोळे यांचे टीकालेखन किंवा वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' (1961) हा ग्रंथ पाहिला तर गायकाचा आवाज, त्याची तालीम, त्याचे घराणे यांचे सूक्ष्म विश्लेषण तेथे आढळते. समोर बसलेल्या श्रोत्याचा आणि बैठकीच्या व्यवस्थेचा विचार त्या मानाने थोडाच झाला. तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या मैफलींच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. कारण तेथे मैफल पडली की दोष श्रोत्याच्या माथी मारण्याची पद्धतच पडून गेली आहे. 'इकडच्या लोकांना शास्त्रीय गाणे झेपत नाही', 'अभंग आणि नाट्यपदे घ्या, लोक उठून जाणार नाहीत' असा सल्ला संयोजक कलावंताला कार्यक्रमाआधीच देऊन ठेवतात. या समजुतीत तथ्य किती, हे बारामती-इंदापूर परिसराच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परिसराला श्रवणाची जुनी परंपरा आहे. मोरोपंत (1729-1794) यांचे बहुतेक आयुष्य बारामतीत गेले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी येथे पुराण सांगितले आणि येथेच त्यांची आर्या बहरली. त्या आर्येचा प्रसार पोथीपेक्षा कीर्तनकारांच्या मुखाने अधिक झाला. पंडिती काव्य म्हणून आज अभ्यासक्रमात वाचली जाणारी ही रचना मुळात कानासाठी होती, हे विसरता कामा नये. दुसरा प्रवाह वारकऱ्यांचा. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी 1685 मध्ये सुरू केल्याचे मानले जाणारे पालखीप्रस्थान दरवर्षी देहूहून निघते. पालखी बारामतीस मुक्काम करते. पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम आणि मग इंदापूर असा तिचा क्रम असतो. म्हणजे या दोन तालुक्यांतील माणूस, मग तो शेतकरी असो, कारखान्यातील कामगार असो वा महाविद्यालयातील प्राध्यापक, लहानपणापासून पखवाज, टाळ आणि वीणा यांच्या सहवासात वाढलेला असतो. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांनी या सहवासाला वर्षभराचे सातत्य दिले आहे.

मुक्कामाच्या रात्री एखाद्या दिंडीच्या राहुटीत चालणारे भजन नीट पाहिले, तर मैफलीच्या आनंदाविषयी बरेच काही उमगते. वीणेकरी मध्यभागी, मृदंगी त्याच्याजवळ, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. एकाने चरण उचलायचा आणि सर्वांनी ध्रुपद धरायचे. आरंभी नामघोष, मग रूपाचा अभंग हा क्रम ठरलेला. संथ चालीत सुरू झालेले भजन हळूहळू चढत जाते आणि ते कोठे चढवायचे, हे कोणी कोणाला सांगत नाही. येथे केवळ श्रोता असा कोणी उरत नाही. राहुटीच्या कडेला उभा असलेला गावकरीसुद्धा ओठांत ध्रुपद म्हणत असतो. चाल चुकली तर शेजारचा टाळकरी नजरेने सावरून घेतो. प्रत्येकाच्या वाट्याला काही काम आहे आणि ते त्याला येते. या भजनातील आनंदाचे मूळ येथे आहे.

शिस्तही याच परंपरेची. आळंदीच्या पालखीत समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात आणि मग चोपदार तिकडे वळतात. एवढ्या मोठ्या समूहात शांततेला अर्थ आहे आणि तो सर्वांना कळतो. सभागृहात ध्वनिवर्धकावरून चार वेळा 'कृपया शांतता राखा' अशी विनंती करावी लागते. माणसे तर तीच असतात.

भजन म्हणजे मैफल नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना भक्तिसंगीत आणि कलासंगीत यांना वेगवेगळे स्थान दिले, ते या दोहोंची प्रयोजने भिन्न असल्यामुळे. भजनात सूर थोडा उतरला तरी भजन सफल होऊ शकते. मैफलीला ती सवलत नाही. भजनात कोणी कोणाचे परीक्षण करीत नाही. मैफलीत श्रोता रसिक असतो, तसा परीक्षकही असतो. तेव्हा राहुटीतील भजन जसेच्या तसे सभागृहात आणावे, असे येथे सुचवावयाचे नाही. प्रश्न एवढाच की, मैफलीतील श्रोत्याला करण्याजोगे काम कोणते आणि ते त्याला करू दिले जाते काय?

ख्यालगायनात हे काम अगदी निश्चित असते. विलंबित एकतालाचे आवर्तन मनात धरून समेची वाट पाहणे, बंदिशीचा मुखडा येण्याआधीच त्याची चाहूल लागणे, षड्ज लांबणीवर टाकला जात असताना त्याची ओढ वाटणे, ही सगळी श्रोत्याची कामे आहेत. समेवर मान डोलते ती श्रोत्याचा अंदाज खरा ठरल्याची खूण असते. अंदाज गोड रीतीने चुकवला गेला की 'वाहवा' निघते. ज्याला यातले काहीच करता आले नाही तो कंटाळतो, घड्याळ पाहतो. त्याची निराशा अज्ञानातून आली, असे सरसकट म्हणणे हा अन्याय होय.

कारण संयमाचा प्रश्न घेतला, तर या परिसरातील श्रोता त्या कसोटीला पूर्ण उतरतो. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन कीर्तनकार दोन तास उभा राहतो. एकेका शब्दाभोवती दृष्टान्त, प्रमाणे, उपप्रमेये यांचा विस्तार करीत तो पुन्हा ध्रुपदावर येतो आणि मागचे टाळकरी ते उचलतात. दोन ओळींच्या बंदिशीवर तासभर चालणारा ख्याल रचनेच्या दृष्टीने याहून फार निराळा नाही. थोड्या आशयाचा मोठा विस्तार आणि विस्तारातून मूळ पदावर परतणे, हे दोहोंचे सूत्र एकच. जो श्रोता दोन तास एका अभंगावर टिकतो त्याला एका रागावर पाऊण तास बसवत नाही, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. कीर्तनाचा विस्तार अर्थाच्या अंगाने होतो, ख्यालाचा स्वराच्या अंगाने. एका अंगाचा सराव दुसऱ्या अंगाला आपोआप लागू पडत नाही. मध्ये कोणीतरी पूल बांधावा लागतो. गायकाने बंदिशीचे शब्द आधी सावकाश सांगितले, रागाचे चलन दोन वेळा गाऊन दाखवले, एवढ्यानेही काम भागते. कुमार गंधर्वांनी 'गीतवर्षा', 'मला उमजलेले बालगंधर्व' यांसारख्या कार्यक्रमांतून एका सूत्राभोवती मैफल बांधली. त्यांना श्रोत्याची अभिरुची खाली ओढावी लागली नाही. ऐकण्याला एक धागा त्यांनी हाती दिला.

याउलट, 'येथे हेच चालते' या समजुतीने गायक बडा ख्याल दहा मिनिटांत आटोपतो, तानांचा पाऊस पाडतो, तबल्याशी सवालजवाब लावतो आणि टाळ्या मिळवतो, तेव्हा त्याने श्रोत्याकडे टाळ्या वाजवण्याखेरीज दुसरे काम ठेवलेले नसते. अशा मैफलीला टाळ्या भरपूर मिळतात. दुसऱ्या दिवशी तीतील एकही जागा कोणाला आठवत नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या 27 व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. हसू, रोमांच, साधुवाद ही मानुषी सिद्धीची चिन्हे. भरलेले प्रेक्षागृह निःशब्द आणि निश्चल होणे हे दैवी सिद्धीचे. टाळ्यांचे स्थान त्या काळीही दुसरेच होते.

शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत. दात आवळून गाणारा 'संदष्ट', घाबरत गाणारा 'भीत', लक्ष नसलेला 'अनवधान' आणि डोळे मिटून गाणारा 'निमीलक' अशी ती यादी आहे. (आज डोळे मिटून गाणारा समाधीत गेला असे मानले जाते, शार्ङ्गदेव तितका भाविक नव्हता.) परंतु तालुक्याच्या गावी मैफल पडते ती बहुधा या पंचवीस दोषांपैकी एकानेही नाही. तिच्यासाठी अभिनवगुप्ताकडे जावे लागते. त्याने सांगितलेली सात रसविघ्ने नाट्यासंबंधी असली तरी त्यांतील काही मैफलीला चपखल लागू पडतात.

'अप्रधानता' हे त्यांपैकी एक. जे मुख्य ते गौण होणे, हा त्याचा अर्थ. निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळी साडेसहाची वेळ असते. प्रमुख पाहुणे येईपर्यंत साडेसात होतात. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, अध्यक्षीय समारोप. तंबोरे लावून बसलेल्या कलावंताचा स्वर या तासा-दीड तासात विझतो आणि तंबोऱ्याच्या तारा गर्दीच्या उष्म्याने उतरतात. पहिला राग कोठे रंगात येतो न येतो तोच प्रायोजकांच्या सत्कारासाठी गायन थांबवले जाते. गाणे हे समारंभाचे निमित्त ठरते. श्रोता जे ऐकावयास आला ते कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी छापलेले असते, हे त्याला वेळीच कळते आणि तो त्याप्रमाणे उशिरा येऊ लागतो. मग 'श्रोते वेळेवर येत नाहीत' अशी तक्रार होते. महाविद्यालयांतील कार्यक्रमही या रूढीला अपवाद नाहीत, हे प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरे विघ्न 'प्रतीत्युपायवैकल्य', म्हणजे प्रतीतीच्या साधनातच व्यंग असणे. ध्वनियोजनेचा सारा प्रश्न यात येतो. लग्नसमारंभ आणि सभा यांच्यासाठी असलेली ध्वनिवर्धक यंत्रणा ख्यालासाठी लावली जाते. तबल्याचा बायाँ घुमतो, संवादिनी गळ्यावर चढते आणि तंबोरा तर ऐकूच येत नाही. ज्या स्वराधारावर श्रोत्याने गाणे तोलायचे तोच हरवला, तर त्याचे काम सुरू होण्यापूर्वीच संपते. भजनाचा राहुटीतला आवाज राहुटीपुरता असतो. म्हणून तेथे प्रत्येकाला शेजारचा टाळ ऐकू येतो. अर्थात अलीकडे सप्ताहातही कर्णे आणि मोठमोठे ध्वनिक्षेपक आले आहेत आणि तेथेही ध्रुपद उचलणाऱ्यांचे आवाज दबू लागले आहेत. तेव्हा हा दोष केवळ नागर मैफलीचा मानता येणार नाही.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. तिला विघ्न म्हणणे धाडसाचे होईल, परंतु मैफलीविषयीच्या अपेक्षा तिने पार बदलून टाकल्या. भास्करबुवा बखले (1869-1922) यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची सारी कीर्ती मैफलीतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून आली. आजचा श्रोता मैफलीला येतो तो ते गाणे शंभर वेळा ऐकून. भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी'ने अभंगाला मंचावर मानाचे स्थान मिळवून दिले. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींनी अभंग घरोघर पोचला, हे तर निर्विवाद आहे. पण नंतरच्या गायकाने त्याच चाली मुद्रिकेबरहुकूम गाव्यात, हरकतीही त्याच घ्याव्यात, अशी फर्माइश होऊ लागली. असे गाणे झाले की श्रोता ओळखीच्या सुखाने तृप्त होतो. ऐकलेले मात्र त्याने आधीच ऐकलेले असते. भजनातही चाल ओळखीचीच असते, असे यावर कोणी म्हणेल; पण तेथे ती श्रोता स्वतः गातो, आणि म्हणून दर वेळी ती नव्याने घडते.

वेळेचा प्रश्न राहतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 मध्ये आले आणि रात्री 10 नंतर ध्वनिवर्धकास मनाई झाली. वर्षातील मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची तरतूद 2002 मध्ये झाली. सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकीही त्यामुळे इतिहासजमा झाल्या. नियम आवश्यकच आहे. रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या झोपेची किंमत देऊन दरबारी ऐकावा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र साडेसहाची मैफल आठला सुरू होणाऱ्या गावी या नियमाने उरलेले दोन तासही मध्यंतर आणि सत्कार यांच्यात वाटले जातात. उत्तररात्रीचे राग तर दूरच, गायकाला भैरवीसाठीसुद्धा घाई करावी लागते.

या दृष्टीने दिवाळी पहाटचा प्रघात अभ्यासण्याजोगा आहे. अभ्यंगस्नान करून श्रोते उजाडताना येतात, थंडीत तंबोरे नीट लागलेले राहतात, पाहुण्यांना पुढे फराळाला जायचे असल्याने भाषणे आपोआप आखडतात. ललत, तोडी, भटियार हे मैफलीतून जवळजवळ हद्दपार झालेले राग त्यांच्या वेळी ऐकू येण्याची एवढी एकच संधी तालुक्याच्या श्रोत्याला उरली आहे. बहुतेक ठिकाणी ती लोकप्रिय भावगीते आणि चित्रपटगीते यांच्या निवेदनयुक्त कार्यक्रमात खर्ची पडते. त्या पहाटेच्या दोन तासांतील पहिला पाऊण तास एका रागाला द्यावयाचा, बंदिशीचे शब्द आधी सांगावयाचे आणि सत्कार फराळाच्या वेळी उरकावयाचे, एवढा बदल एखाद्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळाला येत्या दिवाळीतही करून पाहता येईल. सप्ताहात दोन तास एका अभंगावर बसणारी माणसेच त्या पहाटे समोर असतील.