धिंड की दंडक? : यूझनेटवरील स्वयंसेवकांच्या स्पॅमविरोधी प्रतिकाराची मीमांसा

फिन ब्रंटन ह्यांचा ‘स्पॅम : अ शॅडो हिस्टरी ऑफ दि इंटरनेट’ हा ग्रंथ २०१३ मध्ये एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केला. स्पॅम म्हणजे एखाद्या समूहाच्या एकवटलेल्या अवधानाचा परस्पर केलेला उपभोग. म्हणून स्पॅमचा इतिहास हा समूहाच्या स्वत्वाचाही इतिहास होय, ही ह्या ग्रंथाची मूलभूत भूमिका. ती मार्मिक आहे, ह्यात संशय नाही. तथापि समूहाने ह्या आक्रमणास कसे उत्तर दिले, हे सांगताना ग्रंथकाराने जी उपमा योजली आहे ती मात्र परीक्षणास पात्र ठरते.

यूझनेट ही संदेशव्यवस्था १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्यांनी कल्पिली. तीस मध्यवर्ती सत्ता नव्हती. एका यंत्राने दुसऱ्यास लेख द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशी ती परंपरा होती. आणि कोणता लेख ठेवावा हे प्रत्येक यंत्राचा चालक ठरवी. १२ एप्रिल १९९४ रोजी लॉरेन्स कँटर व मार्था सीगल ह्या अ‍ॅरिझोनातील वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड’ सोडतीची जाहिरात हजारो वृत्तगटांत एकेक स्वतंत्र प्रत टाकून पसरविली. त्यानंतर जो क्षोभ उसळला त्यात निषेधपत्रांच्या माऱ्याने त्यांना सेवा देणाऱ्या कंपनीचे यंत्र बंद पडले. ब्रंटन ह्यांना ह्यात युरोपातील ‘शॅरिव्हारी’ दिसते. मर्यादा सोडणाऱ्याच्या दारी ताटेवाट्या बडवून त्याची फजिती करणारी ही जुनी लोकरूढी. आपल्याकडील धिंडीशी तिचे नाते उघड आहे.

पहिल्या संतापाच्या क्षणापुरती ही उपमा चपखल आहे. परंतु धिंड एकदाच निघते. स्पॅम रोज येते. निर्लज्जास धिंडीचे भय नसते, आणि निनावी मनुष्याची धिंड काढणार कशी? म्हणूनच पुढील वर्षांत ज्या स्वयंसेवकांनी हे काम नित्यकर्म म्हणून अंगीकारले, त्यांनी संतापास बाजूस सारून एक दंडक निर्माण केला. सेथ ब्राइडबार्ट ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक हे त्याचे उत्तम उदाहरण. लेखाची प्रत्येक प्रत जितक्या गटांत एकाच वेळी टाकली असेल त्या संख्येचे वर्गमूळ घ्यावयाचे व सर्व प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करावयाची. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज २० झाली, की लेख रद्द करण्यास पात्र. नऊ गटांत एकत्र टाकलेल्या एका प्रतीचे मूल्य ३ भरते, तर नऊ स्वतंत्र प्रतींचे ९. एकत्र टाकलेली प्रत यंत्रावर एकदाच साठते व वाचकास सामान्यतः एकदाच दिसते, म्हणून तिला ही सवलत. ह्या सूत्रात मजकुराच्या गुणदोषांस स्थानच नाही.

ही मजकुराविषयीची उदासीनता हेच त्या दंडकाचे खरे सामर्थ्य होय. ‘मेक मनी फास्ट’ ह्या शीर्षकाच्या साखळीपत्राचा प्रश्न घ्यावा. यादीतील व्यक्तींस टपालाने पैसे पाठवावे व यादीत आपले नाव घालून पत्र पुढे सरकवावे, अशी ती योजना. अमेरिकेच्या टपालविषयक कायद्याने असली पत्रे निषिद्ध आहेत. परंतु नॉर्वेतील चालकाने अमेरिकेचा कायदा लावावा काय? आणि बेकायदेशीरपणाचा निवाडा देण्याचा अधिकार स्वयंसेवकास कोणी दिला? स्वयंसेवकांनी हा प्रश्न सोडविला नाही, टाळला. आणि त्या टाळण्यातच शहाणपण होते. पाठविणारे निरनिराळे असले तरी मजकूर तत्त्वतः एकच, सबब सर्व प्रती मिळून मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता.

दंडकास जोड होती प्रसिद्धीची. कोणते लेख रद्द केले ह्याची घोषणा ठरावीक वृत्तगटांत होई, आणि तिची छाननी कोणासही करता येई. शिवाय रद्दसंदेशाच्या मार्गनोंदीत ‘सायबरस्पॅम’ हे कल्पित स्थाननाम घालण्याचा संकेत होता. ज्या चालकास असे संदेश नको असतील, त्याने आपल्या यंत्रास त्या नावाचे लेख न स्वीकारण्यास सांगावे, की झाले. अर्थात ह्या कारवाईस प्रत्येक यंत्राची मूक संमती होती, आणि ती केव्हाही काढून घेता येत होती. वाळीत टाकण्याचे अस्त्रही जाहीर सूचनेनंतरच उपसले जाई. ऑगस्ट १९९७ मध्ये यूयूनेट ह्या बलाढ्य सेवाकंपनीचे लेख सरसकट रद्द होऊ लागले, आणि आठवड्याच्या आत कंपनीने आपल्या व्यवस्थेत सुधारणा केल्यावर ते थांबले.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही डोळ्यांआड करता येत नाहीत. एक तर ‘तत्त्वतः एकच’ ह्या दोन शब्दांतून, दारातून घालविलेला विवेकाचा प्रश्न खिडकीतून परत येतो; मजकुरात थोडा फेरफार करणाऱ्यापुढे मोजणी पंगू होते. दुसरे असे, की रद्दसंदेश कोणीही कोणाच्याही नावाने पाठवू शके. सायंटॉलॉजीविषयक वृत्तगटातील टीकात्मक लेख १९९४ च्या अखेरीपासून असल्याच बनावट संदेशांनी नाहीसे होऊ लागले. रक्षकाचे हत्यार आक्रमकाच्याही हाती शोभावे, ही त्या व्यवस्थेची शोकांतिका. ‘कॅन्सलमूस’ ह्या टोपणनावाने वावरणाऱ्या स्वयंसेवकाने पुढे आणलेली ‘नोसीम’ पद्धत हे त्यावरचे उत्तर होते : सांकेतिक स्वाक्षरी केलेली केवळ शिफारस करावयाची, आणि कोणाच्या स्वाक्षरीवर विश्वास ठेवावा हे ग्रहण करणाऱ्याने ठरवावयाचे. तिसरी मर्यादा श्रमाची. एप्रिल १९९८ मध्ये काही स्वयंसेवकांनी आपले काम हेतुपुरस्सर थांबविले. आपल्या विनामूल्य श्रमांच्या आडोशाने चालक आपली जबाबदारी विसरले आहेत, हे त्यांना दाखवावयाचे होते.

धिंडीच्या उपमेत हे काहीच मावत नाही. धिंडीत मोजणी नसते, नोंदवही नसते, असहमती दर्शविण्याची सोय नसते. आणि धिंड काढणारे कधी संपावर जात नाहीत. अमेरिकेचा ‘कॅन-स्पॅम’ कायदा डिसेंबर २००३ मध्ये संमत झाला. त्याने व्यापारी ई-पत्रांतील फसवणूक दंडनीय केली, पण घाऊक प्रमाणात पत्रे पाठविणे तेवढ्याने निषिद्ध ठरविले नाही. म्हणजे कायद्याने विचारले, मजकूर खोटा आहे काय? स्वयंसेवकांनी विचारले होते, एकाच मनुष्याने सर्वांची जागा किती व्यापावी? ब्रंटन ह्यांच्या मूळ सिद्धांताशी अधिक सुसंगत आहे तो हा दुसरा प्रश्न. अवधान हे जर समूहाचे सामाईक धन असेल, तर त्याच्या रक्षणाचा इतिहास क्षोभाच्या प्रसंगांपेक्षा ह्या नीरस हिशेबातच अधिक शोधला पाहिजे.