वृत्तपत्र कोणाचे मुख?

वृत्तपत्रास लोकशाहीचा चौथा आधारस्तंभ म्हणण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. या रूपकात एक उणीव आहे. स्तंभ भार वाहतो. तो बोलत नाही आणि ऐकतही नाही. वृत्तपत्राचे कार्य मात्र दुहेरी आहे : राज्यकर्त्यांचे म्हणणे प्रजेस कळविणे आणि प्रजेचे गाऱ्हाणे राज्यकर्त्यांच्या कानी घालणे. पहिले कार्य एका भाषेत उरकता येते. दुसऱ्यास जितक्या भाषा तितकी मुखे लागतात.

या कसोटीवर मंचेरियलच्या परिसराचा इतिहास पाहण्याजोगा आहे. गोदावरीतीरीचे हे गाव २०१६ साली स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होईपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी आणि कोलामी या भाषा या भूमीत शेजारी शेजारी नांदतात. निजामी राजवटीत मात्र शासन व उच्च शिक्षण उर्दूतून चाले. त्या काळी लक्ष्मणराव फाटकांच्या 'निजाम विजय'ने (१९२०) मराठी भाषकांस आणि सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या 'गोलकोंडा पत्रिके'ने (१९२६) तेलुगू भाषकांस वाणी दिली. दोष उर्दूचा होता असे मात्र कोणी समजू नये. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी त्याच भाषेत रझाकारांवर टीका केली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण वेचले.

गोंडांस असे एकही पत्र नव्हते. जंगल व जमीन यांविषयीचे त्यांचे गाऱ्हाणे साचत गेले आणि १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम व त्यांचे सहकारी गोळीबारात मरण पावले. त्यानंतर शासनाने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस चौकशीसाठी पाठविले. मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे शिक्षण सुरू झाले, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली, आणि १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्रांसाठी कायदा झाला. गोंडी वृत्तपत्र असते तर रक्तपात टळलाच असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि शासनास ऐकू येण्यासाठी आधी गोळी सुटावी लागली, हे नाकारता येत नाही. शिवाय जे ऐकू आले तेही चौकशी अधिकाऱ्याच्या मुखाने आले.

परक्याच्या मुखाने मांडलेले दुःख आणि स्वमुखाने मांडलेले दुःख यांतील भेद मराठी वाचकास नवा नाही. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पाक्षिकाचे 'मूकनायक' हे नावच तो भेद सांगते. दलितांविषयी लिहिणारी पत्रे त्यापूर्वीही होती; पण 'विषयी' लिहिले जाणे म्हणजे बोलणे नव्हे.

येथे मराठीच्या उपासकांनी स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. तेलंगणात मराठी ही अल्पसंख्य भाषा आहे, म्हणून तिच्या शाळांसाठी व पत्रांसाठी आपण न्याय मागतो. तो योग्यच आहे. परंतु २०२४ साली अभिजात भाषेचा मान मिळालेल्या मराठीशेजारी नांदणारी गोंडी अद्याप राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. तिची गुंजाळा लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झाली, ही समाधानाची गोष्ट होय. तरी लिपी म्हणजे वृत्तपत्र नव्हे. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो तो शेजाऱ्यासाठी मागण्यास आपण कचरलो, तर आपली मागणी न्यायाची न राहता केवळ स्वार्थाची ठरेल.