तोल गेलेले यंत्र शांत का होते?

कपडे पिळण्याचे यंत्र चालताना आपण सर्वांनी पाहिले आहे. बटण फिरवले की पहिले काही क्षण पिंप जोरात धडधडते. कधी कधी तर सारे यंत्र जागचे हलते. मग गती वाढते आणि धडधड थांबून केवळ एक सारखा घोंघाट राहतो. बटण बंद केल्यावर गती उतरू लागते, आणि अगदी थांबण्यापूर्वी पुन्हा तीच धडधड होते. आत कपडे तेच असतात, तेवढेच वाकडेतिकडे बसलेले असतात. मग कमी गतीला खळखळाट आणि जास्त गतीला शांतता, असे उलटे का व्हावे?

हा प्रश्न मला स्वतःहून सुचला नाही. एका शालेय विज्ञान प्रदर्शनात नववीच्या मुलांनी धुलाईयंत्रावर तक्ता केला होता. पिंपाच्या काठाला बसवलेल्या पोकळ कड्याचे चित्र होते. त्या कड्यात खारे पाणी असते. खाली लिहिले होते, ‘कपडे एका बाजूला गोळा झाल्यास कड्यातील पाणी विरुद्ध बाजूला जाते व तोल साधला जातो.’ पाहायला आलेल्या एका मुलीने विचारले, ‘पण पाणीसुद्धा बाहेरच फेकले जाणार ना? मग ते कपड्यांच्या जड बाजूलाच का जात नाही?’ तक्ता करणाऱ्यांनी शिक्षकांकडे पाहिले. शिक्षकांनी ‘अपकेंद्री बलामुळे’ असे सांगितले आणि रांग पुढे सरकली.

मुलीचा प्रश्न बिनतोड होता. उत्तर मात्र उत्तर नव्हते. या लेखात टीका करायची आहे ती त्या शिक्षकांवर नव्हे, तर अशा स्पष्टीकरणांवर. ती मुलांसाठीच्या पुस्तकांत, तक्त्यांत आणि यंत्राबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकांत वर्षानुवर्षे जशीच्या तशी उतरवली जातात. त्यांच्या मुळाशी असलेली चूक सामान्य माणसाची नाही. ती एका थोर अभियंत्याने १८६९ साली छापून ठेवली आहे.

‘बल वाढते, म्हणून धोका वाढतो’

पहिले प्रचलित विधान असे : गती दुप्पट झाली की अपकेंद्री बल चौपट होते, म्हणून यंत्र जितके जोरात फिरेल तितके ते अस्थिर होईल. विधानाचा पहिला भाग बरोबर आहे. आकडे घालून पाहू. समजा, दोनशे ग्रॅमचा ओला नॅपकिन आसापासून दहा सेंटिमीटरवर एका बाजूला बसला आहे आणि पिंप मिनिटाला १,२०० फेऱ्या घेत आहे. त्याला वर्तुळात फिरवत ठेवण्यासाठी सुमारे ३१६ न्यूटन, म्हणजे ३२ किलो वजनाइतके बल लागते. या बलाची दिशाही सेकंदाला वीस वेळा गोल फिरते. पिंप पक्क्या बेअरिंगमध्ये ताठ बसवले असते, तर हे सारे बल यंत्राच्या सांगाड्यावर आणि फरशीवर आले असते.

पण घरचे यंत्र १,२०० फेऱ्यांना शांत असते. म्हणजे ‘म्हणून’ या शब्दापाशी तर्क घसरला. पिंप ताठ बसवलेले नाही, ते रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर सैल ठेवलेले आहे, ही गोष्ट या तर्कात कुठेच येत नाही.

दोरा, दगड आणि हात

येथे एक प्रयोग वर्गात जरूर करावा. खर्च काहीच नाही. पंचवीस सेंटिमीटर लांब दोऱ्याला लहानसा दगड बांधा. अशा लंबकाचा आवर्तकाल जवळजवळ एक सेकंद असतो. दोऱ्याचे टोक बोटांत धरून हात अगदी लहान वर्तुळात फिरवा.

आधी सावकाश फिरवा, चार-पाच सेकंदांत एक फेरी. दगड हाताच्या मागोमाग, त्याच बाजूला जातो. मग सेकंदाला एक फेरी या वेगाने फिरवा. हाताचे वर्तुळ लहान असूनही दगड मोठमोठी वर्तुळे घेऊ लागतो. हे अनुस्पंदन होय. आता हात भरभर, सेकंदाला तीन-चार फेऱ्या असा फिरवा. सुरुवातीचे हेलकावे विरू द्या आणि नीट पाहा. दगड मधोमध जवळजवळ स्थिर राहतो, आणि जो थोडा हलतो तो हाताच्या विरुद्ध बाजूला.

हा प्रयोग यंत्राची केवळ उपमा नाही. दोन्हींचे गणित एकच आहे. हाताच्या जागी यंत्रात ‘जड बाजू’ असते. ती पिंपाच्या मध्यापासून ठरावीक अंतरावर राहून गोल फिरते. दगडाच्या जागी पिंप आणि कपडे यांचा मिळून वस्तुमानमध्य असतो. कमी गतीला वस्तुमानमध्य बाहेर जातो. आधाराची स्वाभाविक कंपनसंख्या आणि फेऱ्यांची संख्या जुळली की धडधड होते. या गतीला क्रांतिक गती म्हणतात. तिच्या बऱ्याच वर गेल्यावर वस्तुमानमध्य मधोमध येऊन बसतो, आणि पिंपाचा भौमितिक मध्य त्याच्याभोवती फिरू लागतो. थोडक्यात, सैल आधारावरचे पिंप आपला खरा मध्य स्वतः शोधते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. आधारावर तोललेले पिंप, मोटर व कपडे मिळून आठ किलो धरा. दोनशे ग्रॅममुळे वस्तुमानमध्य अडीच मिलिमीटरने सरकेल. आधाराची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदाला ४ असेल, तर १,२०० फेऱ्यांना पिंप सुमारे २.६ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात डुलेल. मग आधारांतून सांगाड्यावर येणारे बल फक्त १३ न्यूटन, म्हणजे सव्वा किलो वजनाच्या आसपास राहील. ३२ किलोंचे सव्वा किलो झाले, आणि त्यासाठी नॅपकिनला हातही लावावा लागला नाही.

रँकिन यांची चूक

विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन हे ग्लासगोचे प्राध्यापक, उष्मागतिकीच्या संस्थापकांपैकी एक. १८६९ साली ‘द एंजिनिअर’ या नियतकालिकात त्यांनी फिरत्या दांड्यांच्या अपकेंद्री बलावर एक टिपण लिहिले. दांडा किंचित वाकला की अपकेंद्री बल त्याला आणखी बाहेर ओढते आणि दांड्याचा ताठपणा त्याला आत खेचतो. ठरावीक गतीला दोन्ही समान होतात. त्या गतीच्या वर अपकेंद्री बल नेहमीच जिंकणार, म्हणून दांडा वाकत जाऊन मोडणार. सबब, क्रांतिक गतीच्या वर यंत्र चालवता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा तर्क वाचताना पटतो. आपल्या तक्त्यांवरचाही हाच आहे. रँकिन यांचे श्रेय आधी मान्य करू : अशी एक गती असते हे त्यांनी दाखवले, आणि ती मोजण्याची त्यांची रीतही बरोबर होती. चूक पुढच्या पायरीत आहे. अपकेंद्री बल हे फिरत्या चौकटीतून पाहणाऱ्याला दिसणारे बल आहे. त्या चौकटीत बसायचे असेल तर तिचे दुसरे बलही हिशेबात धरले पाहिजे, ते म्हणजे कोरिऑलिस बल. दांडा बाहेर सरकू लागताच हे बल त्याला बाजूला वळवते आणि सरळ बाहेर पळू देत नाही. रँकिन यांनी जमाखर्चाची एकच बाजू लिहिली.

वर्गात कोरिऑलिसचे नाव घ्यायचे नसेल तर सोपा मार्ग आहे : जमिनीवर उभे राहून पाहा. जमिनीवरून पाहणाऱ्याला बाहेर ओढणारे कोणतेच बल दिसत नाही. दिसतो तो फक्त आधार, आणि तो नेहमी आतच ओढतो. मग तोल बिनचूक असलेले पिंप मध्यापासून ढकलले, तर ते मध्याभोवती आंदोलने करील, इतकेच. पिंप किती जोरात फिरते याचा तेथे संबंध नाही. क्रांतिक गती ही कडा नव्हे, तो उंबरठा आहे. तेथे रेंगाळले तर ठेच लागते, झटकन ओलांडला तर पलीकडे मोकळी जागा आहे.

हे प्रत्यक्षात दाखवले ते स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी. दुधातून साय वेगळी काढणारे त्यांचे यंत्र प्रसिद्धच आहे. १८८९ च्या सुमारास त्यांनी वाफेच्या लहान टर्बाइनचे चाक मुद्दाम बारीक, लवचिक दांड्यावर बसवले आणि मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत चालवले. सर्वसाधारण बुद्धी सांगते, दांडा जाड करा. त्यांनी तो बारीक केला, म्हणजे क्रांतिक गती खाली आणली आणि ती लवकर पार केली. १८९५ साली जर्मनीत ऑगस्ट फॉप्ल यांनी आणि १९१९ साली हेन्री जेफकॉट यांनी त्याचे गणित मांडले. इंग्रजी ग्रंथांत या नमुन्याला आजही जेफकॉट यांचे नाव आहे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता कड्यातील पाणी. त्याला विरुद्ध बाजू कळत नाही. त्याचा नियम एकच : फिरण्याच्या प्रत्यक्ष आसापासून जी जागा सर्वांत दूर, तेथे जमणे. मुलीने गृहीत धरले होते की प्रत्यक्ष आस पिंपाच्या बरोबर मध्यातून जातो. तो तसा जात नाही.

क्रांतिक गतीच्या वर वस्तुमानमध्य आसाजवळ येतो, म्हणजेच आस पिंपाच्या मध्यापासून जड बाजूकडे सरकलेला असतो. मग कड्याचा आसापासून सर्वांत दूरचा भाग हलक्या बाजूचा. पाणी तेथे जमते आणि तोल सावरते. क्रांतिक गतीच्या खाली पिंप जड बाजूकडेच झुकते. तेव्हा सर्वांत दूरचा भाग जड बाजूचा असतो, आणि पाणीही तिकडेच जाऊन तोल आणखी बिघडवते. म्हणजे मुलीचे म्हणणे कमी गतीला शब्दशः खरे आहे! तक्त्यावरचे वाक्य अर्धेच खरे होते, आणि तिच्या शंकेत उरलेले अर्धे होते.

पाण्याला एक मर्यादाही आहे. पिंप थोडे तरी डुलत असेल तरच पाणी एका बाजूला जमून राहते, म्हणून ते तोल सुधारते पण पूर्ण करत नाही. पाण्याऐवजी कड्यात पोलादी गोळ्या ठेवल्या तर तत्त्वतः तोल पूर्ण साधता येतो.

आणखी दोन अर्धसत्ये

समोरून दार असलेल्या धुलाईयंत्रात काँक्रीटचे ठोकळे असतात. ‘यंत्र जड राहून हलू नये म्हणून’ असे त्याचे कारण सांगतात. तसे असते तर ठोकळे सांगाड्याच्या तळाला बसवले असते. ते स्प्रिंगवर टांगलेल्या पिंपाच्या बाहेरच्या टाकीला जोडलेले असतात. टांगलेले वस्तुमान वाढले की त्याच असमतोलाने वस्तुमानमध्य कमी सरकतो आणि डुलणे कमी होते.

दुसरे, ‘धक्के शोषणारे दांडे जितके घट्ट तितके चांगले’. क्रांतिक गती ओलांडताना हे अवमंदन हवेच, नाहीतर पिंप सांगाड्यावर आपटेल. पण पूर्ण गतीला तेच दांडे हादरा सांगाड्याकडे पोचवतात. शिवाय घर्षण कोठे आहे यालाही महत्त्व आहे. ते बाहेरच्या स्थिर आधारात असले तर स्थैर्य वाढते. फिरत्या दांड्याच्या आतच असले तर क्रांतिक गतीच्या वर ते डुलणे वाढवू शकते. हे १९२४ साली अमेरिकेत न्यूकर्क आणि किंबल यांनी दाखवून दिले. ‘पलीकडे मोकळी जागा आहे’ या माझ्या वरच्या वाक्याला एवढी पुरवणी जोडलीच पाहिजे.

कारखान्यात घेऊन जा

आपल्याकडे हे सारे मोठ्या आकारात पाहायचे असेल तर हंगामात साखर कारखान्यात सहल न्यावी. साखरेचे दाणे आणि मळी यांचा दाट लगदा जाळीच्या पिंपात फिरवून मळी बाहेर काढतात. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या यंत्रात हे पिंप वरून दांड्याला टांगलेले असते, आणि दांडा वर रबरी आधारात थोडासा झुलू शकतो. टांगत्या पिंपाच्या या रचनेशी डेव्हिड वेस्टन यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर साखरेसाठी असे यंत्र वापरात आणले. मुलांना दोन गोष्टी पाहायला सांगा. लगदा पूर्ण गतीला न सोडता कमी गतीला का सोडतात? आणि पिंप सर्वांत जास्त केव्हा डुलते?

प्रयोगशाळेतल्या यंत्राचा मार्ग वेगळा. तेथे आधी तोल करूनच नळ्या ठेवतात. सहा भोकांच्या चकतीत सारख्या वजनाच्या दोन, तीन, चार किंवा सहा नळ्यांचा तोल साधतो, एक किंवा पाच नळ्यांचा साधत नाही. बारा भोकांत मात्र पाच नळ्याही बसवता येतात. कशा, ते मुलांना शोधू द्या.

शेवटी मूळ मुद्दा. ‘अपकेंद्री बलामुळे’ हे दोन-अडीच पानांच्या विचारावर टाकलेले झाकण आहे. ते शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांच्यापाशी थांबल्यावर यंत्र सुरू होताना आणि बंद होताना का धडधडते हे कधीच सांगता येत नाही. ती धडधड प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. जे स्पष्टीकरण रोज ऐकू येणाऱ्या गोष्टीशी जुळत नाही ते तक्त्यावरून पुसावे, आणि त्या जागी एक दोरा व एक दगड टांगावा.